साठ खाचांची पट्टी

माझे बाबा कंपाउंडर होते. एकाच दवाखान्यात चाळीस वर्षं. डॉक्टर तीन बदलले, कंपाउंडर तोच. त्या काळी औषध बाटलीतून मिळायचं, तांबडं नाहीतर पिवळं, आणि बाटलीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. पट्टीला खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. बाबा कागदाची घडी घालून कात्रीने कचाकच खाचा कापत, खळ लावत आणि पट्टी अशी बसवत की माप थेंबभरही इकडेतिकडे होत नसे. त्यांच्या शर्टाला औषधांचा कडवट वास यायचा. तो वास आठवला की आजही मला घरी गेल्यासारखं वाटतं.

स्वभावाने मात्र फटकळ. एकदा मी दवाखान्यात असताना शिवणकाम करणारी एक बाई आली. मुलीचं औषध जास्त दिवस पुरावं म्हणून तिने बाटलीत पाणी घातलं होतं. बाबांनी बाटली उजेडात धरली. रंग फिका. मला वाटलं, आता बाईची काही खैर नाही.

"बाई, अर्धं औषध म्हणजे औषध नव्हे, मनाचं समाधान," ते म्हणाले. "संपलं की माझ्याकडे यायचं. लाज घरी ठेवून यायचं."

बाटली भरून दिली, वर नवी पट्टीही लावली. पुढे ती बाई रिकामी बाटली घेऊन दारात उभी राहायची आणि एवढंच म्हणायची, "संपलं."

बाबा निवृत्त झाले. पेन्शन ठरली तेवढीच राहिली, बाकी सगळं वाढत गेलं, बाबांच्या वयासकट. आई गेल्यावर ते माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर एकटे राहत. हृदयासाठी रोज एक गोळी लागायची, विमा तिचा खर्च द्यायचा. मग एक दिवस विमावाल्यांनी आपल्या यादीतून ती गोळीच काढून टाकली. तसं पत्र आलं. बाबांनी ते कपाटात अंथरलेल्या कागदाखाली सरकवलं आणि मला अवाक्षर सांगितलं नाही.

महिन्याभरात त्यांचे पाय सुजले. जिना चढताना दोनदा बसावं लागे. डॉक्टरांनी तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "गोळी लागू पडत नाहीये. डोस दुप्पट करू."

बाबांनी मान डोलावली. हा माणूस डॉक्टरांशी हुज्जत न घालता मान डोलावतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

नव्या गोळ्या आणण्याआधी जुन्या किती उरल्यात ते बघावं म्हणून मी त्यांचं कपाट उघडलं. गोळ्या पाकिटातून काढून त्यांनी जुन्या तपकिरी बाटलीत भरल्या होत्या. आत सगळ्या अर्ध्या, पात्याने नेमक्या मधोमध कापलेल्या. आणि बाटलीवर कागदाची पट्टी. सवय जाते कुठे! महिन्याच्या तीस गोळ्या, आणि पट्टीला खाचा साठ. मुलीपासून लपवलं, डॉक्टरांपासून लपवलं, पण खोटी पट्टी कापायला काही त्यांचा हात धजला नव्हता.

मी बाटली त्यांच्यापुढे आपटली. भयंकर राग आला होता, आणि रडूही.

"अगं, अंथरूण पाहून पाय पसरावेत," ते पुटपुटले.

"पाय सुजलेत बाबा! ते आता कुठल्या अंथरुणात मावतील?"

त्यांना हसू आलं, पण लगेच दम लागला. मी टेबलावरची कात्री घेतली, वहीचा कागद फाडला, घडी घातली. तीस खाचा कापल्या, रोज एक अख्खी गोळी. पट्टी त्यांच्या हातात दिली.

"संपलं की माझ्याकडे यायचं," मी म्हणाले. "लाज घरी ठेवून यायचं."

बाबांनी पट्टी बराच वेळ उलटसुलट पाहिली.

"खाचा वाकड्या आहेत," ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि खळीची वाटी शोधायला उठले.

डॉक्टरांना मी खरं काय ते सांगितलं, डोस पूर्वीचाच राहिला. पुढच्या महिन्यात एका दुपारी माझ्या दाराची कडी वाजली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, हातात तपकिरी बाटली. मी "आत या" म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच थांबले. नजर खाली.

"संपलं," ते म्हणाले.