पटावर मी, वर्गात नाही

"सावकाश काढ. फाटला तर तुझा बाप भरून देणार आहे का?"

शाळेचा क्लार्क मला म्हणाला. मी मैदानात उभी राहून अंगावरचा निळा युनिफॉर्म डोक्यावरून ओढत होते. आत माझा फ्रॉक होता. सकाळी त्याच्यावरूनच युनिफॉर्म चढवला होता. इलॅस्टिकचा टाय कानाला अडकला. क्लार्कनं हात लावला नाही. लांबूनच "ओढ, ओढ" म्हणत राहिला. मग बूट काढले. मोजे काढले. समोर दोन पोती होती. मी जवळच्या पोत्यात कपडे टाकायला गेले तसा तो ओरडला.

"त्यात नाही! त्यात मळ्यावरच्या पोरांचे. वस्तीवरच्यांचे त्या पोत्यात."

वस्ती म्हणजे कुठली, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

मी तिसरीत होते. त्या वर्षी सरकारनं राज्यातल्या सगळ्या शाळांमधली पोरं एकाच वेळी मोजायची ठरवली होती. पटावर जेवढी पोरं, तेवढे शिक्षक. जेवढे शिक्षक, तेवढं अनुदान. तालुक्याच्या या मोठ्या शाळेच्या पटावर नावं भरपूर होती. पोरं तेवढी नव्हती. म्हणून पोरं आणली. संस्थेची जीप सकाळीच वस्तीवर आली. माझी आई त्याच शाळेत झाडलोट करायची. तिला कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. ती मला म्हणाली, "जा. एक दिसाचं तर हाय. पोटभर जेवाया देत्यात."

शाळेत गेल्यावर एका बाईंनी माझे केस पाणी लावून चापून बसवले. म्हणाल्या, "आज तुझं नाव मृणाल. काय?"

"मृणाल."

खरी मृणाल वडिलांच्या बदलीबरोबर केव्हाच पुण्याला गेली होती. तिचं नाव तेवढं गेलं नव्हतं.

अधिकारी आले. नाव पुकारलं. मी हजर म्हणाले. मतदानाला लावतात तसली शाई माझ्या बोटाला लावली. एकदा मोजलेलं पोर दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून. मग साहेबांनी सहज म्हणून फळ्यावर एक भागाकार घातला. कुणी उठेना. मला येत होता. आमच्या झेडपीच्या शाळेत बाईंनी नुकताच शिकवला होता. मी उठले, सोडवला. साहेब हसले. खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

"शाब्बास, मृणाल."

माझ्या आयुष्यातली पहिली शाब्बासकी. दुसरीच्या नावावर.

कपडे पोत्यात टाकून मी निघाले तेव्हा क्लार्कला माझ्या मुठीतलं पेन दिसलं.

"ते इकडे दे. ते मृणालचं आहे."

मी दिलं. रडले नाही. का रडले नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला वाटतं, मला ते खरंच वाटलं होतं. शाब्बास मृणालला म्हणाले, तर पेनही मृणालचंच.

आमच्या कपड्यांचं पोतं धुवायला म्हणून आईच्याच डोक्यावर दिलं. तिनं ते घरी आणलं. मी घातलेला युनिफॉर्म तिनं माझ्यासमोर धुतला, वाळवला, घडी घातली आणि परत नेऊन दिला.

त्याच दिवशी संध्याकाळी जीपनं आम्हाला आमच्या शाळेपाशी सोडलं. दोन खोल्या, एक बाई. बाई पायरीवर बसल्या होत्या. मोजणीवाले तिकडेही येऊन गेले होते. वर्गात बसायला पोरंच नव्हती. बाईंनी माझा हात हातात घेतला, बोटावरची शाई बघितली.

"मोजलं का तुला?"

"हो बाई."

"बरं."

एवढंच. पुढे आमच्या शाळेचा पट कमी भरला म्हणून शाळा बंद झाली. बाईंची बदली झाली. आम्हाला ओढ्यापलीकडच्या शाळेत घातलं. ओढ्याला पाणी असलं की शाळा नाही. माझ्याबरोबर बसणारी मंगल तिथूनच थांबली. तिनं शाळा सोडली असं कागदावर आहे. शाळेनं तिला सोडलं, असं कुणी लिहिलं नाही.

तालुक्याच्या शाळेचे शिक्षक टिकले. आमच्या बोटांवर टिकले.

हे सगळं मला तेव्हा कळलं नव्हतं. मी शिकत गेले. घरात कॉलेजचं तोंड बघणारी पहिलीच. बी.ए., बी.एड. मग सरकारच्या समाजकल्याण खात्याची परदेशी शिक्षणाची स्कॉलरशिप मिळाली आणि मी जर्मनीत रेगेन्सबर्गला आले. विषय शिक्षणशास्त्र. पहिल्याच सेमिस्टरला प्रोफेसरांनी मला अमेरिकेतल्या एका राज्याचं काम दिलं. तिथल्या सरकारी शाळा, त्यांचे पट, शिक्षक, पैसा. रकानेच्या रकाने. मी लायब्ररीत बसून ते वाचत होते. पट खाली आला की शिक्षक खाली. शिक्षक खाली की पैसा खाली. मग आणखी पोरं जाणार. कधी न पाहिलेलं राज्य, कधी न पाहिलेल्या शाळा. आणि मी माझ्याच बोटाकडे बघत बसले होते. सेमिनारमध्ये मला विचारायचं होतं, ही पोरं मोजली कुणी? त्यांना त्यांच्याच नावानं मोजलं का? विचारलं नाही. माझं जर्मन अडखळतं, आणि मला वाटलं सगळे हसतील.

राहायला मला अनघाताईंनी खोली दिली होती. त्यांच्या घराच्या तळघरात. मंदारदादा, त्यांचे मिस्टर, इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. दोघं मूळचे पुण्याचे. खोलीचं भाडं घ्यायचे. उपकार फुकट होते.

"या गावात स्टुडंटला खोली मिळणं म्हणजे काय ते विचार कुणालाही," अनघाताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "आम्ही हिला अनमेल्डुंगसुद्धा करून दिलं."

अनमेल्डुंग म्हणजे शहरात पत्ता नोंदवणं. पत्त्याशिवाय इथे माणूस नसतो. म्हणून मी प्रत्येक वेळी हसून मान डोलवायची.

अनघाताई रविवारची मराठी शाळा चालवायच्या. मराठी घरांतली मुलं, ज्यांना मराठी कळतं पण उत्तर जर्मनमध्ये येतं, त्यांच्यासाठी. शहराकडून हॉल फुकट हवा होता, थोडी मदतही हवी होती. त्यासाठी पुरेशी मुलं हवी होती आणि शिकवण्याची पदवी असलेलं एक माणूस. माझं बी.एड. त्यांना एकदम आठवलं.

"अगं, तू तर देवासारखी आलीस!"

शिक्षिका म्हणून माझं नाव अर्जात गेलं. मी खूश झाले. खोटं कशाला सांगू, आईला फोन करून सांगितलं.

पहिल्या रविवारी मी वर्ग घेतला. बाजार भरवला. मुलांनी एकमेकांना वांगी विकली. एरवी जर्मनशिवाय न बोलणारा एक मुलगा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मावशी, महाग आहे हो! परवडत नाही!" सगळे हसले. मीही.

दुसऱ्या रविवारी हॉलच्या स्वयंपाकघरात मुलांच्या दोन आया बोलत होत्या. मी दाराबाहेर होते.

"मुलगी गोड आहे गं. पण ती त्या स्कॉलरशिपवाली आहे, माहितीये ना?"

"हो? आडनावावरून कळलं नाही मला."

"म्हणजे आपल्याच टॅक्समधून आलीय."

"हो ना. आणि आता आपल्याच मुलांना शिकवणार."

टॅक्स तुम्ही जर्मनीत भरता, असं माझ्या मनात आलं. मी चपला उगाच सरळ लावत बसले.

त्याच दिवशी अनघाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "असं बघ, पालकांचं म्हणणं पडतंय की मुलांचा बेस आधी पक्का हवा. वातावरण, संस्कार, हे सगळं. तू समजून घे. तू आत फळं कापून देशील का? मुलांना ब्रेकमध्ये लागतात."

मी समजून घेतलं. तेच तर मला लहानपणापासून येतं.

मग प्रत्येक रविवारी मी सफरचंदं कापली. ज्यूस ओतला. भिंतीपलीकडे अनघाताई बाराखडी घ्यायच्या. गणपतीत त्यांच्या घरी मदतीला वर गेले तर म्हणाल्या, "नैवेद्याच्या ताटाला हात नको हं लावूस, सोवळ्यातलं आहे." त्याच ओट्यावर आदल्या दिवशी फ्रोझन पिझ्झाचं खोकं उघडलेलं मी पाहिलं होतं. पिझ्झाला माझा हात चालला होता. मीच तो ओव्हनमध्ये ठेवला होता.

मग शहराच्या आम्टमधून, म्हणजे सरकारी कार्यालयातून, एक बाई वर्ग बघायला येणार असं कळलं. शनिवारी अनघाताईंनी मला वर बोलावलं. घरात त्यांच्या भावजयीची दोन मुलं आली होती, एश्बॉर्नहून, म्हणजे दुसऱ्याच गावाहून, मुद्दाम या शनिवार-रविवारसाठी. इकडच्या वर्गात मुलं कमी पडत होती.

"अहो," त्या मंदारदादांना म्हणाल्या, "भाचरांना नीट शिकवून ठेवा. इथलेच आहोत म्हणून सांगायचं."

"त्यांना मराठीत बोलायला सांग. म्हणजे तोंडच उघडणार नाहीत," दादा म्हणाले, आणि दोघं हसले.

मग अनघाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तर, उद्या तू फळ्यापाशी उभी राहा. नवं काही काढू नकोस, नुसतं अ आ इ म्हणून घे. आम्टच्या बाई गेल्या की मी वर्ग घेते, तू आत जा. आणि माझी ती निळी साडी नेस, जरा टीचर वाटशील. धुऊन दे फक्त नंतर."

निळी.

मी साडी घेऊन खाली आले. पलंगावर ठेवली. तिच्याकडे बघत बसले. माझ्या बोटावर काही नव्हतं, पण मी ते पुसत होते. मला एकदम पोतं दिसलं. दोन पोती दिसली. आणि इतकी वर्षं जे कळलं नव्हतं ते त्या तळघरात कळलं. त्या दिवशी त्यांना माझी गरज होती. माझ्याशिवाय त्यांचा पट भरत नव्हता. गरज त्यांची, आणि लाज मला.

भीती वाटली नाही असं नाही. खोली गेली तर पत्ता जाईल. पत्ता गेला तर काय काय जाईल, ते मी रात्रीपर्यंत मनात मोजत राहिले.

सकाळी मी माझाच कुर्ता घातला.

अनघाताईंनी पाहिलं. "साडी?"

"वर खुर्चीवर ठेवलीय ताई."

पुढे बोलायला वेळ नव्हता. आम्टच्या बाई आल्या. मुलांशी बोलल्या. भाचा खरंच गप्प बसला. मग त्या माझ्याकडे वळल्या, हात पुढे केला.

"तुम्हीच इथल्या शिक्षिका ना?"

"नाइन. नाही," मी म्हणाले.

जर्मन अडखळलं, चुकलं. पण मी थांबले नाही. "शिक्षिका म्हणून कागदावर माझं नाव आहे. वर्ग मला देत नाहीत. मी आत फळं कापते."

अनघाताई मोठ्यानं हसल्या. जर्मनमध्ये म्हणाल्या, ही नवीन आहे, घाबरलीय.

"मी घाबरले आहे," मी म्हणाले. "पण हे खरं आहे. आणि माझं नाव आजपासून काढून टाका."

आम्टच्या बाईंनी पेन काढलं. "तुमचं पूर्ण नाव?"

मी सांगितलं. माझं, बापाचं, आडनाव. एकेक अक्षर. त्या लिहीत होत्या आणि मी त्यांच्या हाताकडे बघत होते.

त्या गेल्यावर हॉलमध्ये मुलं खुर्च्या सरकवत होती. अनघाताई माझ्यासमोर आल्या.

"घरात घेतलं तुला. मुलीसारखं ठेवलं. तुम्हा लोकांना कितीही केलं तरी..."

थांबल्या.

"ताई, वाक्य पुरं करा," मी म्हणाले.

त्यांनी मंदारदादांकडे पाहिलं. दादांनी मोबाईलमध्ये पाहिलं.

"पुरं करा ना. इथे सगळी तुमचीच माणसं आहेत. तुमच्या मुलांनाही मराठी कळतं."

नाही केलं. एवढी शिकलेली माणसं, एक वाक्य पुरं करता आलं नाही. मला ते पुरं ऐकायचं होतं. स्वच्छ मराठीत, माझ्या तोंडावर.

त्याच आठवड्यात खोली गेली. आता मी विद्यापीठातल्या एका मुलीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपते. किती दिवस, माहीत नाही. पत्त्याचं काय होणार, माहीत नाही. त्या शाळेचा हॉल राहिला की गेला, तेही मी विचारलं नाही. वांगी विकणाऱ्या त्या मुलाचं वाईट वाटतं. त्याच्या आईबापांचं वाटत नाही. कुणी म्हणतं, परक्या देशात आपल्याच माणसांची अब्रू घालवलीस. आपली माणसं कोण, ते आधी त्यांनी ठरवलं होतं. मी नंतर.

आईला फोनवर सांगितलं. तिनं एवढंच विचारलं.

"मंग आता ऱ्हातीस कुठं?"

"बघते. आई, ते युनिफॉर्मचं पोतं आठवतं का गं?"

"न आठवाया काय झालं. माझ्याच डोक्यावर व्हतं."

पुढच्या सेमिनारमध्ये माझी पाळी आहे. त्या अमेरिकेतल्या राज्याचे पट, शिक्षक, पैसा, सगळं मांडणार आहे. आणि आधी जो प्रश्न गिळला तो पहिल्यांदा विचारणार आहे. ही पोरं मोजली कुणी, आणि मोजून झाल्यावर त्यांना कुठे पाठवलं? हसायचं असेल त्यांनी हसावं. मी थांबेन, आणि परत विचारेन.

मृणाल म्हणून मी आता कुठेही हजर म्हणणार नाही. ज्या वर्गात मला उभं राहू देत नाहीत, त्या वर्गाच्या पटावर माझं नाव दिसलं, तर मी तिथे जाईन. सगळ्यांसमोर. आणि माझ्या हातानं ते खोडीन.