बिनखताचा तुकडा

युरियाचा वास आला की कासू गावातल्या आमच्या बांधावर मी नि बायकोनं खाल्लेली शेवटची भाकरी आठवते. पेणच्या शेतकी साहेबानं दोरी बांधून आमचं भातशेत अर्धं केलेलं. एका अर्ध्याला खत, दुसऱ्याला नाय, बाकी सगळं सारखं. तरच खताचा गुण कळेल, म्हणाला. गाववाले हसायचे, "अर्धं शेत सावत्र काय रे?" लाजेनं मी बिनखताच्या अर्ध्यातही खत फेकलं. त्या शेवटच्या भाकरीच्या सकाळी साहेबानं ओळखलं, तेव्हा मी बायकोकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, "व्हय, मीच टाकलं. अर्धं शेत उपाशी बघवंना." साहेबानं वहीत प्रयोग बिघडवला म्हणून तिचं नाव लिहिलं. भाकरी वाढताना ती एवढंच बोलली, "जेवा आता." दुपारी तिला साप चावला, संध्याकाळी चिता पेटली. दुसऱ्या सकाळी सुतकातच पेणला चालत गेलो नि साहेबाला म्हणालो, "खत मी टाकलं. तिचं नाव खोडा."