भरतीच्या तोंडावरचा वामन

सगळं अलिबाग तिथी बघून समुद्रातल्या किल्ल्यात जातं, ते भरती टाळायला. वामन म्हात्रे तिथी बघायचा ती भरती गाठायला. पौर्णिमेला भरदुपारी पाणी चढतं, म्हणून सकाळ उलटल्यावर वाळूवरून किल्ल्याकडे कुणी शहाणा निघत नाही. हा नेमका तेव्हा धोतर खोचायचा.

मी अलिबागचा; वामन शेजारच्या थळ गावचा, नारळाच्या वाडीतला. घरातून मुंबईला कॉलेजात गेलेला पहिलाच. वसतिगृहात आमची एकच खोली. पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या खोलीतला एक हुशार मुलगा विषमज्वराने गेला आणि वामनला एकच प्रश्न चिकटला.

"पास झालो, पुढं काय? कारकून झालो, पुढं काय?"

"पुढं जेवण. चल," मी म्हणायचो. त्याला हसू यायचं नाही.

गच्चीच्या कठड्यावरून तो डोळे मिटून चालायचा. पोरं टाळ्या पिटत. मी खाली उतर म्हणून ओरडायचो. "मरायचं नाही रे मला," तो समजावायचा, "जगायचंय का, तेवढं बघतोय." असली फोड मला कधी पटली नाही. मी जात्याच भित्रा आणि त्याचा मला अभिमान आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पौर्णिमेला तो पुन्हा किल्ल्याकडे निघाला, मी किनाऱ्यापर्यंत सोबत. एरवी मांडीभर पाण्यातून परत फिरायचा. त्या दिवशी मात्र त्याने चपला माझ्या हातात दिल्या. "घरी दे." मला ते लक्षण बरं दिसलं नाही. चपला तिथेच टाकल्या आणि त्याच्यामागे पाण्यात शिरलो. मला पोहता येत नाही. समुद्रकाठच्या माणसाने हे सांगू नये, पण खरं आहे.

पाणी छातीला लागलं, पायाखालची वाळू सरकली आणि मी किंचाळलो. वामन वळला. कॉलेजातली शुद्ध भाषा तो पार विसरला.

"अरं गाढवा, तुला पवाया येत न्हाय! मरशील ना!"

"तू पण," म्हणालो आणि तोंडात पाणी गेलं.

त्याने माझी मानगूट धरली आणि किल्ल्याच्या दरवाजापर्यंत ओढत नेलं, वाटभर शिव्या घालत. इतक्या मायेने मला कुणी शिव्या दिलेल्या नाहीत.

संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत आम्ही किल्ल्यातच अडकलो. तिथल्या देवळाचे पुजारी आधी भरपूर रागावले, मग पडवीत भात-आमटी वाढली. वामनचं पान संपलं. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "अजून भात हाय का?"

कित्येक महिने हा पोरगा पानातलं नुसतं चिवडत होता. मला हुंदका आवरेना. डोळे पुसत मीच त्याला विचारलं, "आता पुढं काय?"

"पुढं ओहोटी. मग घर. मग आयेचा मार." आणि तो हसला.

पुढे तो पालीला मास्तर झाला, समुद्रापासून लांब. तो प्रश्न त्याला अधूनमधून पडायचाच. मग तो गाडी पकडून माझ्याकडे यायचा आणि दोन दिवस बोलत बसायचा. भरतीकडे पुन्हा गेला नाही.

गेल्या वर्षी वामन गेला. अंथरुणावर, नातवंडांच्या गराड्यात, बोळकं झालेल्या तोंडाने. मी पालीहून परतलो तो वाटेतच रडून मोकळा झालो होतो. माझा वामन म्हातारा होऊन गेला, एवढं मला पुरे होतं. घरी पान वाढलेलं होतं. जेवलो आणि पुन्हा भात मागितला.