मी न वाचलेलं कलम

आमच्या आबांना विस्तव भाजत नसे. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. आमचं घराणंच मेंढरांमागं फिरणारं. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना बा म्हणतो, परतूर आणि आष्टीच्या मधे थोडी जमीन केली आणि बा एका जागी राहिला. आबा मात्र कळपाबरोबरच राहिले. तीन दगडांच्या चुलीवर दूध उतू जायला लागलं की ते उघड्या हातांनी भांडं खाली उतरवत. आई ओरडायची, "आवं, हात!" ते तळव्यांकडं बघून हसायचे.

गावानं याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. बिरोबाची कृपा. जत्रेत देवासमोर आबा तळहातावर निखारा घेत आणि त्याच्यावर धूप टाकत. मग लोक पाया पडत. बायका आजारी लेकरं घेऊन येत, आबा त्यांच्या कपाळाला राख लावत आणि बाया त्यांच्या घोंगडीत पसाभर ज्वारी टाकत. त्यांच्या हातावर कोपराखाली एक फिकट चट्टा होता. त्याला आम्ही देवाचा डाग म्हणायचो. शाळेत असताना मी ही गोष्ट पोरांना फुशारकीनं सांगितलेली आहे. ते आठवलं की आता बरं वाटत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमच्या संस्थानाचा कारभार उर्दूत चालतो आणि माझी शाळाही उर्दूत झाली, त्यामुळं सरकारी कागद मला वाचता येत. बा परतूरच्या मोंढ्यात कापूस घेऊन गेला की कुणालाही सांगायचा, "आमचं पोरगं उर्दू फडाफडा वाचतं." खरं म्हणजे मी अडखळत वाचतो. पण ते त्याला कसं कळावं?

औरंगाबादला दुसऱ्या वर्षाला असताना एक डॉक्टर आमच्यापुढं महारोगावर बोलले. त्यांनी सांगितलं की हा रोग आधी स्पर्श नेतो. हात भाजतो आणि माणसाला कळत नाही. काही ठिकाणी लोक त्यालाच देवाची देणगी समजतात, असं म्हणून ते थोडं हसले. मुलंही हसली. मी शेवटच्या बाकावर होतो. माझे कान तापले. लवकर दवाखान्यात गेलं तर औषधी तेलाच्या सुया देतात आणि पुष्कळांना गुण येतो, असंही ते म्हणाले. ते वाक्य मी वहीत उतरून घेतलं.

सुट्टीत घरी आलो. एका दुपारी आबा बाभळीखाली पडले होते. मी शेजारी बसलो आणि त्यांच्या हातावरच्या चट्ट्याला आधी कोंबडीचं पीस लावलं. काही नाही. मग बाभळीचा काटा घेतला आणि रक्ताचा थेंब येईपर्यंत दाबला. त्यांनी डोळे उघडले ते माझी सावली तोंडावर पडली म्हणून.

"काय करून राह्यला, लेका?"

"काटा रुतल्ता, आबा. काढला."

"मला तं कळलाबी न्हाई," ते म्हणाले आणि मोठ्या समाधानानं परत झोपले.

मी बाला सांगितलं. तो भडकला. "देवाला रोग म्हनतो? ह्येच शिकवून राह्यले का तुला तिथं?"  

पुढच्या सुट्टीपर्यंत आबांची दोन बोटं आत वळली होती. आता गावही बोलायला लागलं. आमच्याकडं शेतात खतासाठी मेंढरं बसवायला बोलावतात. त्या साली कळप बसवायला कुणी बोलावलं नाही. ज्या बाया राख लावून घेत, त्याच लेकरांना ओढून घरात नेत. आबा बाला म्हणाले, "देव रुसला वाटतं." तरी एखादी म्हातारी यायची, लांबून ज्वारी टाकायची आणि निघून जायची.

आणि मग तालुक्याहून कागद आला. तो कायदा होता की नुसता तहसीलचा हुकूम, हे मला अजून नीट ठाऊक नाही. इंग्रजी मुलखात असा कायदा जुना आहे, एवढं पुढं कळलं. कागद घेऊन आलेल्या चपराशाला वाचता येत नव्हतं आणि आमचा पटवारी लेकीकडं शहागडला गेला होता. पाटलानं मला चावडीवर बोलावलं.

"या कॉलेजवाले," पाटील म्हणाला, "बापानं तुमच्यावर येवढा खर्चा केलाय, जरा उजेड पाडा."

बा माझ्याजवळ उभा होता. आबा समोर लिंबाखाली बसले होते, लांब. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं, ते आपणहूनच लांब बसले होते.

मी एकेक ओळ वाचत होतो आणि मराठीत सांगत होतो. ज्याला महारोग आहे आणि जो उघड भीक मागतो, त्याला आठ दिवसांच्या आत पोलिसाच्या जवानासोबत दवाखान्यात पाठवावं. तोवर त्यानं सार्वजनिक विहिरीचं पाणी भरू नये. खायची वस्तू विकू नये.

"भीक?" बा म्हणाला. "माझा भाऊ कवा भीक मागतो? लोकच आनून टाकत्यात."

"टाकत्यात आन् त्यो घेतो," पाटील म्हणाला. "आता ह्या कागदाला म्या बिरोबा कसा समजावून सांगू? वाच रं पुढं."

पुढं शेवटचं कलम होतं. दोनच ओळींचं. रोग्याला खाऊ घालीन आणि वेगळा ठेवीन असा जामीन जर नातेवाइकानं लिहून दिला, तर तहसीलदार त्याला घरी राहू देऊ शकतात.

मी ते मनात वाचलं. दोनदा वाचलं, म्हणजे चुकून सुटलं असं मला म्हणता येत नाही. हे ऐकलं की बा तिथंच अंगठा देणार, हे मला माहीत होतं. मग आबा शेताच्या कडेला खोपीत राहतील, सुई नाही, औषध नाही, आणि एकेक बोट जाईल. वहीतलं वाक्य माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी त्यांना वाचवतोय असं मला वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच क्षणी दुसरंही काही मनात आलं होतं. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. वसतिगृहातली मुलं कधीतरी गावाला आली तर? यातलं कोणतं आधी आलं, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं. मला सांगता येत नाही.

"झालं?" पाटलानं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

सातव्या दिवशी जवानानं आणि मी आबांना परतूर स्टेशनवर नेलं. बा कळप सोडून येऊ शकत नव्हता, म्हणजे त्याच्यानं येववत नव्हतं. जवान चार हात लांब उभा राहून बिडी ओढत होता. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, जत्रेला नेसायचे तसं.

"तिथं मेंढरं असतील का रं?"

"ठावं न्हाई, आबा."

"कागदात वापस यायचं लिव्हलंय ना?"

"बरं वाटलं की यायचं," मी म्हणालो. कागदात असं काही नव्हतं. त्यांनी मान हलवली. माझ्या तोंडून आलेलं म्हणजे कागदातलंच, असं ते धरून चालत. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, पण लगेच घोंगडीखाली घेतला. समोरच्या बाकावर एक बाई लेकरू घेऊन बसत होती.

सव्वा वर्षानं दवाखान्याचं कार्ड आलं. तापानं वारले, एवढंच होतं त्यात. मी ते बाला वाचून दाखवलं. तो दोन दिवस जेवला नाही. मी कॉलेजला परत गेलो आणि तिथं मला एक खोड लागली. सकाळी तोंड धुतल्यावर मी टाचणीनं आपला हात टोचून बघतो. दुखतं. दुखलं की हायसं वाटतं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच शरम वाटते. वसतिगृहाचा आचारी फडक्यानं तवा धरतो, तिकडं मला बघवत नाही.

या दिवाळीला घरी होतो. बा मोंढ्यातून आला तो बैल न सोडताच ओट्यावर बसला. त्याला आष्टीकडचा एक शेतकरी भेटला होता. त्या माणसाच्या आईला हाच रोग. ती शेतातल्या खोपीत राहते, नातवंडं लांबून तिच्याशी बोलतात. लेकानं तहसीलला अंगठा दिला होता.

"तसं आपल्या कागदात व्हतं का?" बानं विचारलं.

तो कागद तालुक्याला परत गेला होता. मी नाही म्हणालो असतो तर कुणाला कळलं नसतं.  पण मी म्हणालो, "व्हतं."

बा ओरडला नाही. मला वाटलं होतं तो मारील.

"तिथं दुसरे रोगी व्हते ना दादाजवळ?" तो हळू म्हणाला. दादा म्हणजे आबा.

"व्हते."

"त्यांनी त्याला सांगितलंच असंल. का बाबा, घरच्यांनी अंगठा दिला की ऱ्हाता येतं म्हनून." तो बैल सोडायला उठला. "मंग त्यो काय समजला असंल? भावानं दिला न्हाई."

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी सुयांचा विचार केला होता, बोटांचा केला होता, आपल्या पापाचाही केला होता. सव्वा वर्ष आबा तिथं बाबद्दल काय समजून राहिले असतील, याचा नाही.

त्याच दिवशी बानं माझ्याकडून दवाखान्याला पत्र लिहवून घेतलं. शेजारच्या खाटेवर कोण होतं, आणि भावाबद्दल आबा काही बोलले होते का, एवढं विचारलं. लिहून झाल्यावर मी ते वाचून दाखवू लागलो, तर बा म्हणाला, "ऱ्हाऊ दे." पत्र घेऊन तो परतूरला गेला. स्टेशनवरच्या बाबूकडून आधी वाचून घेतलं आणि मग टाकलं.

अजून उत्तर आलेलं नाही. आलं की तेही बाबूकडंच न्यायचं, असं त्यानं आईला सांगून ठेवलंय. मी तिथंच बसलो होतो.