एका बोटाएवढे दुखणे

पोळ्याचा दुसरा दिवस: पहिला अर्ज. दसऱ्याआधीचा सोमवार: दुसरा अर्ज. दिवाळीची सुटी संपली तो दिवस: नाव कमी. जबाबदार तिघे: पहिला अर्ज न वाचणारे साहेब, दुसऱ्यातला एकच शब्द वाचणारे बडे बाबू, आणि तो शब्द लिहिणारा मी.

बालाघाटच्या ज्या कार्यालयात आपण सारेच खेटे घालतो, तिथे तीन मजले फायली वाहणारी ती रोजंदारीवरची बाई तुम्हीही पाहिली असेल. मधल्या पायरीवर थांबे, गुडघ्याच्या वाटीखाली बोट टेकवी आणि म्हणे, "बाबूजी, इथंच दुखते. बस, एका बोटाएवढं." ती माझी शेजारीण, कटंगीकडची. मी कोर्टातून निवृत्त झालेला बाबू. मोहल्ल्याचे अर्ज मीच लिहितो.

"मग घरी आराम कर," मी सुचवले.

"काहून? डॉक्टरनं सांगतलं, वाटीखालची दोरी तुटली नाही, चढून चढून थकली. नुसती बसली तं अजून कमजोर होते. ओझं कमी कर, मंग हळूहळू वाढव."

दुपारी ती जिन्याखालच्या भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, खुर्चीवर बसल्यासारखी अधांतरी थांबे. डॉक्टरांनीच शिकवलेला व्यायाम तो. बडे बाबू हसत, "बाई, कुर्सी किधर है?"

"माह्या नावाची एवढीच हाय, साहब!"

तिची मागणी इतकीच होती: तीन महिने खालच्या मजल्यावरचे काम. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसरा वजनदार व्हावा म्हणून मी सरकारी हिंदीत लिहिले, "सीढ़ी चढ़ने में असमर्थ."

वाचून दाखवताच ती थबकली. "असमर्थ काहून, बाबूजी? मी तं चढून राह्यली ना."

"कायद्याची भाषा तुला कळायची नाही," मी म्हणालो. तिने सही केली.

त्याच शब्दाखाली लाल रेघ ओढून तिला काढून टाकण्यात आले. दुसऱ्या दिवशी ती आली आणि साहेबांच्या दारापर्यंत दोन मजले न थांबता चढली. "पाहा ना साहब, चढली मी!" दार उघडले नाही.

ती आता तुमसरला, लेकीकडे. जिन्याखालच्या भिंतीवर तिच्या केसांच्या तेलाचा डाग तेवढा आहे, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. खाली खुर्ची नाही.

माझी चूक मी या पत्रात सहीनिशी कबूल करतो. आता साहेबांनी आणि बड्या बाबूंनी जाहीर उत्तर द्यावे: तुमच्या कार्यालयात 'समर्थ' आणि 'असमर्थ' यांच्यामध्ये माणसाला थांबायला एखादी पायरी आहे की नाही?