बासिलिसाच्या सीपीयूतले किडे

फिलिपिन्समधल्या आमच्या सिकिहोर बेटावर एके काळी कुजबुज होती, की नांग बासिलिसा आपल्या दुकानातल्या संगणकांत किडे पाळते आणि ज्याच्यावर डूख धरते त्याच्या पोटात सोडते. बरांग म्हणतात त्या करणीला. जुनी माणसं किडे बाटलीत पाळत. बासिलिसा सुधारलेली, म्हणून सीपीयूत, एवढाच फरक. मला हे तिच्या शेजारणीने, फेलोमिनाने, कानात सांगितलं. म्हणजे तोवर ते चर्चच्या पायरीवरून मासळीबाजारात जाऊन परत आलेलं होतं.

नांग म्हणजे आमच्याकडची ताई. पण बासिलिसाला ताई म्हणावं असं तिच्यात फार काही नव्हतं. एकटी बाई, नाकावर माशी बसू देत नसे. नाणं टाकलं की चालू होणारे सहा संगणक, त्यावर तिचं पोट. दुकानाचा वास मात्र विचारू नका. मुलांचा घाम, सुकी मासळी, सांडलेलं सरबत, कळफलकावर बोटांचा काळा थर. मी माडी घेऊन बाहेरच्या बाकावर बसायचो, आत कधी पाऊल टाकलं नाही.

नवे खेळ जड झाले, संगणक रखडायला लागले, मुलं बंदराकडच्या दुकानात जायला लागली. तेव्हा ती बोटीने दुमागेते शहरात जाऊन मेमरीच्या नव्या पट्ट्या घेऊन आली. बसवल्याही स्वतःच. कारागीर क्रिस्पुलोला ती चोर म्हणायची, त्याचा हात यंत्राला लागू द्यायची नाही.

काही आठवडे संगणक भन्नाट पळाले. मग एकेक करून बसले. बटण दाबलं की पंखा गरगरे, पडदा काळा, आणि आतून लांबलचक पीं. कोणी म्हणालं वीज, कोणी म्हणालं खारी हवा. तेवढ्यात मागच्या जाळीतून मुंग्यांची रांग निघाली आणि फेलोमिनाचा पोरगा कानात मुंगी घेऊन घरी गेला. डुकराच्या पिलावरून फेलोमिना आणि बासिलिसाचं आधीच वाजलेलं. झालं, बरांग.

रविवारी प्रार्थना संपली की सगळ्या आयांनी गावच्या कॅप्टनकडे, म्हणजे आमच्या सरपंचाकडे, जायचं आणि दुकान बंद पाडायचं, असं ठरलं. शनिवारी बासिलिसाने त्या चोरालाच बोलावणं धाडलं.

क्रिस्पुलोने पहिल्या सीपीयूचं झाकण काढलं आणि तोंड फिरवलं. मी माडी बाकावर ठेवून दारातून डोकावलो. आत धुळीचा ओला लगदा, त्यात झुरळांची अंडी डाळीसारखी चिकटलेली, मुंग्यांचे थर, आणि पंख्यात अर्धी पाल. अर्धीच.

"नांग, यात खेळता की स्वयंपाक करता?"

"तोंड बंद ठेव आणि बघ."

"तोंड बंदच ठेवतो. काहीतरी उडून आत जाईल."

त्याने नव्या पट्टीला हात लावला नाही, चिमट्याने उपसली. जुनी एकटी ठेवून बटण दाबलं, पडदा उजळला. मग जुनी काढून नव्या पट्टीच्या खाचेत घातली, तर पीं. म्हणजे पट्टी चांगली, खोट खाचेत. खाच ब्रशने घासली तेव्हा चिकट तपकिरी गोळा बाहेर आला, झुरळाचा पाय त्यातच रुतलेला. क्रिस्पुलोने तो नाकाशी नेला.

"खोबरेल? नांग, हे तुम्ही लावलंत?"

बासिलिसा हळूच म्हणाली, "पट्टी आत जात नव्हती. थोडा लाना लावला."

लाना म्हणजे आमच्याकडचं गुड फ्रायडेला उकळून मंतरलेलं तेल. गुडघ्याला लावतात, खोकल्याला लावतात, बाळाच्या टाळूला लावतात, दाराच्या बिजागरीलाही लावतात. मेमरीच्या सोनेरी दातांना लावणारी हीच पहिली.

"सहाही संगणकांना?"

"सहाही."

क्रिस्पुलो हसत हसत खाली बसला आणि अंड्यांवर बसला म्हणून तसाच उठला. "चला, सुटलात. उद्या कॅप्टनसमोर मी सांगतो, करणी नाही, तेल आहे."

"खबरदार सांगशील तर."

"मग दुकान जाईल."

"सांगितलंस तरी जाईल. संगणकाला तेल लावणारी म्हातारी म्हणून पोरं बंदरापर्यंत दात काढतील. त्यांचे पैसे कोणाच्या यंत्रात पडतील मग?"

क्रिस्पुलोने दिवसभर खाचा धुतल्या, पट्ट्यांचे दात खोडरबराने घासले, सगळे संगणक चालू केले आणि आपल्या हातांकडे बघत घरी गेला. जेवला नाही म्हणे.

रविवारी चर्चबाहेर आया जमल्या. बासिलिसा सरळ फेलोमिनासमोर जाऊन उभी राहिली. "जातेस ना कॅप्टनकडे? जा. पोट कसं आहे तुझं?"

फेलोमिनाचा हात पोटावर गेला. "बरं आहे, नांग."

"असू दे तसंच."

कॅप्टनकडे कोणी गेलं नाही. मुलं आठवड्यात परत आली. करणीच्या संगणकावर खेळण्याची ऐट बंदराकडच्या दुकानात मिळत नव्हती. बासिलिसाने मरेपर्यंत दुकान चालवलं आणि तिच्याशी कोणी भांडलं नाही.

बरांग तिला येत नव्हतं. मेमरी बसेना म्हणून तिने खोबरेल लावलं होतं, आणि त्याला मुंग्या-झुरळं लागली होती.