चाचीच्या बांगड्या

कपाशी बुडत होती त्या वर्षांतली, अंजनगावच्या बाजारातली बांगडीवाली चाची अजून आठवते. गिऱ्हाइकाला रागावल्याशिवाय तिच्या हातून बांगडी चढत नसे.

मला एचआयव्ही असल्याचं कळल्यापासून घरात कुणी माझ्या हाताला हात लावत नव्हतं. त्यात खरूज झाली, आणि माझ्या दुखण्यात ती लवकर हटेना. तशीच बांगड्या भरायला गेले, तर चाचीनं माझी बोटं पाहिली आणि हात धरलाच नाही.

"एचआयव्हीले भेऊन राहिली ना, चाची?" मी चिडले.

"ते हात धरल्यानं थोडीच लागते! खरूज लागते. घरच्या समद्यायले मलम लाव, कपडे उकळ, मंग ये."

खरूज पुरती गेल्यावर मी गेले. चाचीनं माझा पंजा करकचून दाबला आणि हिरव्या बांगड्या चढवल्या.

"दुखते का वं?"

दुखत होतं. मी दुसरा हात पुढे केला.